सावित्री : एका नावाची हकीकत

गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी एका मुलीचे बारसे झाले. मुलगी आमच्या पुतण्याची. म्हणजे आमची नातच म्हणावयाची. बारशाच्या आधी आठ दिवस घरात नावाचा खल चालला होता. हल्लीच्या चालीप्रमाणे कोणी दोन अक्षरी, कानाला गोड, पण अर्थ विचारला असता सुचविणारालाही सांगता येऊ नये अशी नावे सुचवीत होते. कोणी नक्षत्र पाहून आद्याक्षर काढले होते. मुलीच्या मामाने तर चाळीस नावांची यादीच धाडली होती. घरातील वडील म्हणून शेवटी आमचेही मत विचारण्यात आले. अशा प्रसंगी विचारणाराची अपेक्षा एवढीच असते, की वडिलांनी "तुम्हांला आवडेल ते ठेवा" असे म्हणून मोकळे व्हावे. ही रीत आम्ही विसरलो आणि म्हणालो, "सावित्री ठेवा."

बोलणे तेथेच थांबले. आमच्या वहिनी, म्हणजे मुलीची आजी, दुपट्याला टाके घालीत बसल्या होत्या. त्यांनी सुई कापडात खोवून ठेवली आणि हळूच म्हटले, "भावोजी, दुसरे कोणतेही सुचवा. ते नाव आपल्या घराला लाभत नाही."

आमच्या वहिनी भोळसट नव्हेत. त्यांनी तीस वर्षे शाळेत गणित शिकविले आहे. मांजर आडवे गेले म्हणून त्या कधी उंबऱ्यात थबकल्या नाहीत, की शनिवार-अमावास्या पाहून त्यांनी कधी प्रवास लांबणीवर टाकला नाही. अशा बाईच्या तोंडून हे वाक्य निघाले, तेव्हा ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. त्यांचा रोख कोणाकडे आहे हेही आम्ही जाणून होतो. आमच्या मोठ्या काकूचे नाव सावित्री होते. आणि ती एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली होती.

त्या वेळी आम्ही गप्प बसलो. परंतु रात्री अंथरुणावर पडल्यावर हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. कोणावर आरोप आला असता त्याचे मूळ, कूळ आणि पूर्वीची वर्तणूक पाहावी, अशी न्यायाची रीत आहे. मग नावानेच तेवढा काय अपराध केला आहे, की त्याची चौकशी न होताच त्याला घराबाहेर काढावे? म्हणून आम्ही ती चौकशी करावयाचे ठरविले. तिची ही हकीकत.

प्रथम मूळ पाहू. 'सवितृ' हा शब्द 'सू' या धातूपासून निघालेला आहे. चालना देणे, प्रेरणा देणे, हा त्याचा अर्थ. सकाळी उगवून सर्व चराचराला कामाला लावणारा जो देव, तो सविता. (या शब्दाचे प्रथमेचे रूप 'सविता' असे पुल्लिंगी आहे, तथापि आकारान्त दिसते म्हणून आम्ही ते खुशाल मुलींना देऊन टाकले आहे, आणि सवित्यानेही त्याबद्दल कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.) सवित्याची जी, ती सावित्री. आरंभी हे कोणा बाईचे नाव नव्हतेच. ते एका ऋचेचे नाव होते. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील बासष्टाव्या सूक्ताची दहावी ऋचा विश्वामित्राची असून तिची देवता सविता आहे, म्हणून ती सावित्री. आणि तिचा छंद गायत्री आहे, म्हणून तिचेच दुसरे नाव गायत्री. बुद्धीला प्रेरणा मिळावी, एवढेच तिचे मागणे आहे.

मुंजीत आचार्य बटूच्या कानात जी सांगतो, ती हीच सावित्री. तिच्यावाचून विद्येचे दार उघडत नसे. ब्राह्मणाला सोळा, क्षत्रियाला बावीस आणि वैश्याला चोवीस वर्षांपर्यंत ती मिळाली नाही, तर मनुस्मृती अशा मनुष्याला 'सावित्रीपतित' म्हणते. म्हणजे सावित्री हे विद्येच्या उंबरठ्याचे नाव होते. मौज अशी, की हे नाव मुलींना ठेवण्यास आमच्या पूर्वजांना कधी संकोच वाटला नाही. ज्याचे ते नाव, तो मंत्र मात्र त्यांना सांगावयाचा नाही, याविषयीही त्यांना शंका नव्हती. आमची मुंज लागली तो दिवस आम्हांस स्पष्ट आठवतो. वडिलांनी आमच्या डोक्यावर उपरणे घेऊन कानात सावित्री सांगितली. त्याच घटकेस सावित्री नावाची आमची काकू मागील दारच्या पडवीत एका पाटावर बसून होती. कारण विधवेने मंगलकार्यात पुढे यावयाचे नसे. आदल्या रात्री अडीचशे पानांचे लाडू वळले होते ते तिनेच. त्या वेळी आम्ही आठ वर्षांचे होतो, आणि या योगायोगाचे आम्हांस काहीएक वाटले नाही.

शास्त्रकारांनी मुलींच्या नावांचाही विचार केलेला आहे. स्त्रीचे नाव उच्चारावयास सोपे, कठोर नसलेले, अर्थ उघड असलेले, मन रमविणारे, मंगल, दीर्घ स्वरात संपणारे आणि आशीर्वादाचा बोध करून देणारे असावे, असे मनू सांगतो. येथवर त्याच्याशी कोणाचे भांडण असण्याचे कारण नाही. परंतु पुढच्याच अध्यायात तो सांगतो, की जिचे नाव नक्षत्राचे, वृक्षाचे किंवा नदीचे असेल, ती मुलगी वरू नये. महाराष्ट्राने हा नियम पाळला असता तर आमच्या आज्या-पणज्यांपैकी निम्म्यांची लग्नेच झाली नसती! गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, नर्मदा, तापी, भागीरथी अशा नद्यांनीच तर आमची माजघरे भरून वाहत होती.

आणि सावित्रीही नदीच आहे. महाबळेश्वरी ज्या पाच नद्यांचा उगम मानतात, त्यांपैकी कृष्णा, कोयना आणि वेण्णा या पूर्वेच्या बाजूस उतरतात. सावित्री मात्र घाट फोडून पश्चिमेकडे कोकणात उडी घेते, आणि पोलादपूर-महाडावरून वाहत बाणकोटच्या खाडीने समुद्रास मिळते. ज्या ग्रंथाने नदीच्या नावाची मुलगी वर्ज्य ठरविली, त्या ग्रंथाचे दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झाले ते याच सावित्रीच्या काठी, महाड गावी. दहनाची कारणे फार मोठी होती, आणि नावाच्या नियमाशी त्यांचा संबंध नव्हता, हे सांगावयास नकोच. तरीही हकीकत नावाची चालली असल्यामुळे एवढी नोंद करून पुढे जातो.

पुराणांत एक रागीट सावित्रीही आहे. पुष्कर क्षेत्री ब्रह्मदेवाने यज्ञ मांडला. पत्नी सावित्री हिला घरचे आवरून आणि सख्यांची वाट पाहून निघण्यास उशीर झाला. मुहूर्त टळतो म्हणून ब्रह्मदेवाने गायत्री नावाच्या एका गवळ्याच्या मुलीशी विवाह लावून यज्ञ उरकला. सावित्री येऊन पाहते तो हा प्रकार! तिने ब्रह्मदेवासकट साऱ्या देवांना शाप दिले, आणि ती डोंगरावर जाऊन बसली. पुष्करास त्या डोंगरावर तिचे देऊळ आजही आहे. ही पद्मपुराणातील सावित्री आमच्या घरातील व्रतवैकल्यांत कोणी आणली नाही. घरकामामुळे उशीर झालेल्या बाईचा राग कोणाच्याही घराला परवडण्यासारखा नसतो.

आता मुख्य सावित्री. महाभारताच्या वनपर्वात युधिष्ठिर मार्कंडेय ऋषींना विचारतो, की द्रौपदीसारखी पतिव्रता पूर्वी कोणी झाली होती काय? त्याच्या उत्तरादाखल ही कथा आलेली आहे. मद्र देशाच्या अश्वपती राजाने संततीसाठी अठरा वर्षे सावित्री मंत्राने आहुती दिल्या. देवी सावित्री अग्नीतून प्रकट झाली. राजाने पुत्र मागितले. तिने कन्या दिली. देवीने दिली म्हणून बापाने आणि ब्राह्मणांनी तिचे नाव सावित्री ठेवले. पुढे ती एवढी तेजस्वी निघाली, की तिला मागणी घालण्याचा धीर कोणा राजपुत्रास होईना. तेव्हा बापाने तिला सांगितले, की तू स्वतःच आपला वर शोध. वृद्ध मंत्र्यांना बरोबर घेऊन ती रथातून निघाली, तपोवने हिंडली, आणि राज्य गेलेल्या आंधळ्या द्युमत्सेनाचा मुलगा सत्यवान तिने निवडला. तो एका वर्षाने मरणार आहे, असे नारदाने सांगितले. बाप म्हणाला, दुसरा पाहा. तिने नकार दिला.

यापुढचा भाग सर्वांस ठाऊक आहे असे आपण धरून चालतो. परंतु मूळ कथा पुन्हा वाचली तेव्हा आमचे आम्हांसच नवल वाटले. तिच्यात वडाचा उल्लेख नाही. सात जन्म हाच पती मिळो, असे मागणे नाही. सावित्री यमाच्या पाया पडून रडत नाही. ती त्याच्या मागोमाग चालते आणि त्याच्याशी बोलते. सात पावले बरोबर चालले की मैत्री होते, असे म्हणून ती बोलण्यास आरंभ करते. धर्म म्हणजे काय, सज्जनांची संगत म्हणजे काय, विश्वास कोणावर ठेवावा, याविषयी ती एकेक विचार मांडीत जाते. यम प्रसन्न होतो तो तिच्या सौभाग्यावर नव्हे. तिच्या वाणीतील शब्दांवर आणि युक्तिवादावर होतो, आणि तसे बोलूनही दाखवितो. सत्यवानाच्या प्राणांखेरीज काहीही माग, असे तो म्हणतो. ती प्रथम सासऱ्याची दृष्टी मागते, मग सासऱ्याचे राज्य, मग आपल्या पित्यासाठी शंभर पुत्र, आणि चौथ्या वेळी सत्यवानापासून स्वतःला शंभर पुत्र. पाचव्या वेळी ती अट घालावयास यम विसरला, की त्याने जाणून ती सोडली, हे कळत नाही. सावित्रीच्या मात्र ते तत्काळ ध्यानात आले, आणि पती तेथेच परत मिळाला. जिने आपला वर आपण निवडला, ज्ञानी माणसांचा सल्ला ऐकून घेऊन तो नाकारला, आणि प्रत्यक्ष मृत्यूशी वाद करून जी जिंकली, अशी ही स्त्री. ऋचेचे नाव तिला शोभले, कारण तिची शक्ती वाणीत होती.

मग या नावाचे झाले काय? ज्येष्ठी पौर्णिमेस आपल्याकडे, आणि उत्तरेत व बंगाल-ओरिसाकडे ज्येष्ठी अमावास्येस, तिच्या नावाचे व्रत होऊ लागले. त्यात वड आला, सूत आले, आंब्याफणसांची वाणे आली. या व्रतात आनंदाचा भाग नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. वर्षभर उंबरठ्याच्या आत राहणाऱ्या बायका त्या दिवशी नटूनथटून गावाबाहेरच्या वडाखाली जमत, बोलत, हसत. पण हळूहळू कथेतील बोलणारी सावित्री मागे पडली, आणि नवरा जगला एवढीच गोष्ट उरली. भाषेने तर याहूनही पुढचे पाऊल टाकले. आपल्या मराठीत 'जन्मसावित्री' असा एक शब्द आहे. जिचा नवरा तिच्या मरणापर्यंत जिवंत राहतो, ती जन्मसावित्री. वाकून नमस्कार करणाऱ्या नव्या सुनेला थोरल्या बायका "जन्मसावित्री हो" असा आशीर्वाद देत. आशीर्वाद मोठ्या मायेचा होता, यात संशय नाही. परंतु प्रत्येक आशीर्वादाला एक मागची बाजू असते. नवरा जगला तर ती सावित्री. मग जिचा मरण पावला, ती कोण? विषमज्वराने किंवा सर्पदंशाने मेलेल्या माणसाच्या मृत्यूचा जाब या शब्दाने त्याच्या बायकोच्या दारात नेऊन ठेवला. जे पराक्रमाचे नाव होते ते परीक्षेचे झाले, आणि परीक्षाही अशी, की उत्तीर्ण होणे परीक्षार्थीच्या हाती नाही. शेवटी तर कोणी बाई जरा ताठ बोलली, की "मोठी सतीसावित्री लागून गेलीस!" असा टोमणा मारण्यापुरतेच ते नाव जिभेवर राहिले. ज्या सावित्रीची सारी कीर्ती ताठ बोलण्याची, तिचेच नाव ताठ बोलणारीचे तोंड बंद करण्यासाठी वापरले जावे, हे भाषेतील एक विलक्षण उलटेपण होय.

येथे काकूची हकीकत सांगणे प्राप्त आहे. काकू जन्माने सावित्री नव्हती. आपल्याकडे लग्नात ताटभर तांदूळ पसरून वराने अंगठीने त्यात वधूचे नवे नाव लिहावयाचे, अशी चाल आहे. नाव लिहिले जाते, वाचले जाते, मंडळी तोंड गोड करतात, आणि मग ते तांदूळ गोळा करून घेतात. जुने नावही त्यांच्याबरोबरच गोळा होऊन जाते. पहिल्या मराठी स्त्री डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई याही माहेरी यमुनाच. लक्ष्मीबाई टिळक मनू होत्या. झाशीच्या लक्ष्मीबाई मनकर्णिका होत्या. इतिहासात एवढ्या नावाजलेल्या स्त्रियांची ही गोष्ट. मग बाकीच्यांची जुनी नावे कोण लक्षात ठेवतो?

आमची काकूही माहेरी यमुनाच होती. चौदाव्या वर्षी आमच्या घरी आली, आणि आमच्या थोरल्या काकांनी ताटातील तांदळांत 'सावित्री' असे लिहिले. नाव आमच्या आजोबांनी योजले होते. घरातील भांड्यांवर नावे घालण्याचा तेव्हा प्रघात असे. तिच्या लग्नातल्या एका मोठ्या पितळी पातेल्यावर 'सौ. सावित्री' अशी अक्षरे ठोकून घेतली होती. पाच वर्षांनी काका विषमज्वराने गेले. एकवीस दिवस ते अंथरुणावर होते. वडील माणसे, वैद्य, डॉक्टर यांची ये-जा असल्याने काकूला त्या खोलीत जाण्याची सोय नव्हती. तिने दाराबाहेरून पेज नेऊन द्यावी आणि भांडी उचलून आणावी, एवढाच तिचा संबंध. काका गेल्यावर घरात तिला कोणी सावित्री म्हणून हाक मारली नाही. दीर 'वहिनी' म्हणत, जावा 'बाई' म्हणत, आम्ही पोरे 'काकू' म्हणत असू. घरात ते नाव त्या पातेल्यावर तेवढे उरले. चाळीस वर्षे चिंचेने आणि राखेने ते पातेले घासले तिनेच. पुढे पुढे आरंभीचा 'सौ.' अगदी पुसट झाला होता; तो सर्वांच्याच हाताने की तिच्या हाताने, हे आम्ही कधी विचारले नाही.

वर्षातून एकदा, भाऊबीजेला, तिचा थोरला भाऊ येई आणि ओटीवरूनच "यमू!" अशी हाक मारी. त्या हाकेसरशी काकू आतून ज्या पावलांनी बाहेर येई, ती पावले एरवी तिची नसत.

आम्ही आठ-नऊ वर्षांचे असताना एका वटपौर्णिमेस घरातल्या बायका वडाला गेल्या होत्या. काकू स्वयंपाकघरात एकटी बसून डाळ निवडीत होती. शाळेत नुकतीच सत्यवानाची गोष्ट ऐकलेली. आम्ही तिच्याजवळ जाऊन विचारले, "काकू, तुझे नाव सावित्री ना? मग काकांना यमाने कसे नेले? तू त्याच्या मागे गेली नाहीस?"

हा प्रश्न आठवला की आजही आमची मान खाली जाते. मूल अजाण असते हे खरे. परंतु अजाणपणी फेकलेला दगडही लागावयाचा तेवढा लागतोच. काकू रागावली नाही. तिने सुपातला एक खडा उचलून बाजूस टाकला आणि म्हणाली, "अरे, मी मुळात यमुना. यमुना ही यमाची बहीण. बहीण राहिले असते तर भाऊबीजेची ओवाळणी म्हणून काहीतरी मागितले असते त्याच्यापाशी. तुमच्या घराने माझी सावित्री केली, आणि यम आला तेव्हा मला दाराबाहेर उभी केली. बोलू कोणाशी?"

एवढे बोलून ती हसली आणि पुन्हा डाळ निवडू लागली. त्या वाक्याचा अर्थ आम्हांस कळावयास पुढे पुष्कळ वर्षे लागली. आज वाटते, की नावाच्या या सर्व चौकशीतील निकाल काकूने त्या दिवशी डाळ निवडता निवडताच देऊन टाकला होता. नाव लाभले नाही असे नव्हे. नाव दिले, आणि त्या नावाचे जे मर्म, म्हणजे बोलण्याचा अधिकार, तो दिला नाही.

तो अधिकार ज्या सावित्रीने स्वतः मिळविला, तिची आठवण येथे सहजच होते. ३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे जन्मलेल्या सावित्रीबाईंचे लग्न वयाच्या नवव्या वर्षी, १८४० साली, जोतीराव फुल्यांशी झाले. १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली, आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. रस्त्याने जाताना अंगावर शेण-चिखल पडे, म्हणून त्या एक जास्तीचे लुगडे बरोबर नेत, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. १८५४ साली त्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह प्रसिद्ध झाला. स्वतःस मूल नव्हते. एका ब्राह्मण विधवेच्या मुलास त्यांनी दत्तक घेऊन वाढविले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले, तेव्हा अंत्ययात्रेपुढे टिटवे धरून चालल्या त्या सावित्रीबाई. महाभारतातील सावित्री यमाच्या मागून चालली. ही पतीच्या प्रेताच्या पुढे चालली. तिचा पती परत आला नाही. तरीही ती पडवीत जाऊन बसली नाही. सत्यशोधक समाजाचे काम तिने पुढे चालविले, आणि पुण्यात प्लेग आला तेव्हा रोग्यांची शुश्रूषा करीत असता त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी तिचा अंत झाला. 'जन्मसावित्री' या शब्दाचा जुना अर्थ धरला तर सावित्रीबाई त्यात बसत नाहीत. पण २०१४ सालापासून पुण्याच्या विद्यापीठास नाव आहे ते त्यांचे. ज्या मंत्रावाचून विद्येचे दार उघडत नसे त्या मंत्राचे नाव, ज्या बाईने ते दार मुलींना उघडून दिले तिच्या द्वारे, फिरून विद्येच्या दारावर येऊन लागले. हजारो वर्षांच्या वळणांनंतर हे नाव जणू आपल्या घरी परतले, असे आम्हांस वाटते.

या नावाने परदेशचा प्रवासही केलेला आहे. बंगालच्या तोरू दत्तने आपल्या इंग्रजी आख्यानकाव्यांत सावित्रीला स्थान दिले. तोरू एकविसाव्या वर्षी वारली, आणि ते पुस्तक तिच्या पश्चात १८८२ साली निघाले. गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराने संस्कृत शिकून 'सावित्री' नावाची एक लहानशी संगीतिका रचली. ती १९१६ साली, महायुद्ध चालू असता, लंडनमध्ये झाली. तिच्यात पात्रे तीनच : सावित्री, सत्यवान आणि मृत्यू. दादासाहेब फाळक्यांनी १९१४ सालीच या कथेचा चित्रपट काढला होता. अरविंदबाबूंनी याच नावाचे सुमारे चोवीस हजार ओळींचे इंग्रजी महाकाव्य लिहिले, आणि आपल्या पु. शि. रेग्यांची पत्रांतून उलगडणारी 'सावित्री' १९६२ साली प्रसिद्ध झाली.

परंतु आमच्या मनात विशेष घर करून राहिली आहे ती एक परदेशी मुलगी. हंगेरियन पिता आणि रशियन माता यांच्या पोटी १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली इव्हा, विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करण्यासाठी हिंदुस्थानात आली, आणि १९३२ साली लग्न होऊन सावित्रीबाई खानोलकर झाली. संस्कृत आणि पुराणे यांचा तिने अभ्यास केला. महाराष्ट्रातील संतांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. स्वतंत्र भारताच्या परमवीरचक्राची आकृती काढण्याचे काम तिच्याकडे आले, तेव्हा तिने दधीची ऋषींच्या अस्थींपासून घडलेले इंद्राचे वज्र त्यासाठी योजिले. पहिले परमवीरचक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना मरणोत्तर मिळाले. ते तिच्याच मुलीचे दीर होते. १९५२ साली तिला वैधव्य आले, आणि त्यानंतर अडतीस वर्षे ती आपल्या मार्गाने जगली. आमच्या काकूलाही लग्नातच सावित्री हे नाव मिळाले आणि हिलाही. एकीला ते चौदाव्या वर्षी न विचारता दिले गेले. दुसरीने ते समजून घेतले. दोन्ही ठिकाणी यम यावयाचा तेव्हा आलाच. मग अंतर कशाने पडले? नावाने खचितच नव्हे.

इतकी चौकशी झाल्यावर आम्ही एके दिवशी सारे वहिनींच्या आणि सूनबाईंच्या पुढे मांडले. डाळ निवडण्याच्या वेळची गोष्ट वहिनींना आम्ही त्याच दिवशी प्रथम सांगितली. त्यांनी सर्व ऐकून घेतले, आणि एवढेच म्हटले, "मला काकूंनीच वाढविले, भावोजी. सासू मला त्याच होत्या. त्या नावाने हाक मारली की मला त्या पडवीत बसलेल्या दिसतील. लाभत नाही असे मी म्हणाले ते तेवढ्यासाठी." आमची सारी विद्वत्ता या उत्तरापुढे थिटी पडली. आम्हांस वाटले होते की वहिनींचा विरोध अशुभाच्या भीतीने आहे. तो आठवणीच्या दुःखाने होता. मनुष्य कधी कधी दुःखालाच शकुनाचे कपडे चढवितो, कारण शकुनाविषयी बोलणे सोपे असते.

सूनबाई इतका वेळ गप्प होती. मग ती म्हणाली, "नाव सावित्रीच ठेवू. आणि हिच्या लग्नात कोणी तांदळांचे ताट आणलेच, तर हिला विचारल्याखेरीज त्यात कोणी अक्षर काढावयाचे नाही." यावर वहिनी हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. आम्हीही पुढे विषय काढला नाही.

बारशाच्या दिवशी पाळणा सजला. मुलीच्या आत्याने कानाशी तोंड नेऊन 'कुर्र' केले आणि नाव सांगितले. त्या नावाच्या ऋचेप्रमाणे तेही कानातच सांगितले गेले, आणि या वेळी मुलीच्या. मंडळी उठू लागली तसे वहिनींनी घुगऱ्या वाटावयास घेतल्या. पाहतो तो घुगऱ्या त्या जुन्या पितळी पातेल्यात होत्या. ते कित्येक वर्षे माळ्यावर पडून होते. कल्हईवाला हल्ली शोधूनही सापडत नाही. वहिनींनी आठ दिवस आधी कोठून तरी त्याचा पत्ता काढून, आम्हां कोणास न कळविता, पातेले लख्ख करून आणविले होते. 'सौ.' आता मुळीच दिसत नव्हता. पुढची तीन अक्षरे मात्र स्पष्ट वाचता येत होती.